कुरकुरीत तुकडा कुणाच्या वाट्याला?

लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी घरात किती किलो चिकन तळलं असेल याचा हिशेब ठेवलेला नाही. रमजानचे जुम्मे, ईदचा दुसरा दिवस, नणंदा माहेरी आल्या की त्यांची मुलं, लेकीचे वाढदिवस. दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये एका संध्याकाळी लेकीने बाहेरच्या खोलीतून विचारलं, "अम्मी, आज मागच्या वेळेपेक्षा जास्त कुरकुरीत झालंय ना?" मी ओट्यापाशी उभी होते. "हो, झालंय," म्हणाले आणि झारा हातात तसाच राहिला. कारण मला माहीतच नव्हतं. आजचंही नाही आणि मागच्या वेळचंही नाही. माझ्या हातचं कुरकुरीत चिकन मी कधी खाल्लेलंच नव्हतं.

मी जेवायला बसायचे तेव्हा डब्यात दोन-तीन तुकडे उरलेले असायचे. झाकणाला आतून घाम सुटलेला. तुकड्यावरचं आवरण ओल्या पुठ्ठ्यासारखं, बोट लावलं की सालासारखं निघून यायचं. "मला तळलेलं फारसं आवडत नाही, मी आपली रश्श्यातली," असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. ते मी स्वतःलाही पटवून दिलं होतं. ही माझी आवड नसून माझ्या ताटात काय येतं याचा परिणाम आहे, हे त्या संध्याकाळी लक्षात आलं. त्यावर मी रडले वगैरे नाही. राग मात्र आला, आणि तोही नेमका कुणावर ते ठरेना. मला कुणी उभं राहा म्हणून सांगितलेलं नव्हतं.

तळलेल्या चिकनचं कुरकुरीतपण फार अल्पायुषी असतं. आमच्या घरात ते दहा-बारा मिनिटं टिकतं, फार तर पंधरा. बाहेरचं आवरण तेलात कोरडं झालेलं असतं, आतलं मांस मात्र ओलं. कढईतून काढल्यावर आतली वाफ बाहेर यायला बघते आणि जाता जाता त्या कोरड्या आवरणाला भिजवते. तुकडा ताटात सपाट ठेवला तर खालची बाजू आधी मऊ पडते. वर झाकण घातलं तर सगळंच संपलं. घरोघरी आपण हेच करतो. गरम राहावं म्हणून झाकतो आणि झाकलं म्हणूनच मऊ पडतं.

आता आमच्या घरचं गणित बघा. खाणारी माणसं सात. दोन कोंबड्यांचे अठरा-एकोणीस तुकडे. कढईत एका वेळी पाच-सहा बसतात, त्याहून जास्त टाकले तर तेल थंड पडतं आणि चिकन तळलं न जाता तेलात शिजतं. एका घाण्याला बारा-तेरा मिनिटं. म्हणजे चार घाणे, पाऊण तास. पहिला घाणा बाहेर गेला की तो संपेपर्यंत दुसरा तयार होत नाही, मग "अजून आहे का?" अशी हाक. चौथा घाणा उतरेपर्यंत बाहेरचे हात धुऊन मोकळे झालेले असतात. या पाऊण तासात गॅससमोरून हलता येत नाही. जो तळतो त्याला खाता येत नाही. आणि "जो" असं मी उगाच लिहिलं.

हे काही फक्त आमच्याच घरात चालतं असं नाही. शेजारच्या वहिनींना मी हे सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे फुलक्यांचं तेच." तव्यावरून थेट ताटात पडलेला फुलका ही त्यांच्याकडे मायेची खूण. स्वतः मात्र त्या शेवटचे दोन वातड फुलके खातात. पुऱ्या, भजी, घावन, आमच्याकडचे समोसे, सगळीकडे हाच प्रकार. "गरमागरम वाढलं" हे आपल्याकडे सुगरणीचं प्रमाणपत्र आहे आणि ते उभ्यानेच मिळवावं लागतं.

त्या रमजाननंतर मी बऱ्याच पाककृती वाचल्या, व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचा जोर कशावर? गुप्त मसाल्यावर, आणि चावताना येणाऱ्या कर्रकन आवाजावर. तळणाऱ्याचं ताट कुठे आहे, हे कुणीच सांगत नाही. माझं म्हणणं असं आहे की घरच्या तळलेल्या चिकनमध्ये मसाल्याला आपण नको तेवढं महत्त्व दिलं. मऊ मांस आणि कुरकुरीत आवरण या दोन्ही गोष्टी मुख्यतः मीठ, वेळ आणि तेलाचं तापमान यांवर ठरतात. म्हणजे वेळापत्रकावर. आणि हे वेळापत्रक तळणारी बाई दस्तरखानावर बसेल अशा बेताने आखलं, तर चिकनसुद्धा आधीपेक्षा चांगलं होतं. हे मी दोन वर्षं करून पाहिलेलं आहे, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात दुकानापासून. आमचे हे दुपारी साडेचारला डोळ्यांसमोर कापून घेतलेलं चिकन आणायचे, "एकदम ताजं" म्हणून अभिमानाने पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि साडेसहाला ते ताटात हवं असायचं. ताजं म्हणजे चांगलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण कोंबडी कापल्यावर थोड्याच वेळात तिचे स्नायू आखडतात आणि पुन्हा सैल पडायला काही तास लागतात. त्या आखडलेल्या अवस्थेत मांस कढईत गेलं तर ते चिवट होतं, मग दही लावा नाहीतर आणखी काही. "ब्रॉयलरला हल्ली चवच नाही, रबरासारखं लागतं," अशी तक्रार आम्ही किती वर्षं केली. बिचारी सहा आठवड्यांची कोंबडी, ती कशाला चिवट असेल! घाई आमची होती. आता चिकन आदल्या दिवशी येतं आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहतं. दुकानदाराला दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या. कोंबड्या लहान द्या, साफ केल्यावर किलो-सव्वा किलोच्या. आणि तुकडे मोठे ठेवा, एकेका कोंबडीचे नऊ-दहा, रश्श्यासारखे बारीक नकोत. बारीक तुकड्यात आवरण करपण्याआधी मांस कोरडं पडतं. कातडी ठेवायला सांगितलं तर उत्तमच, पण आपल्याकडे न सांगता ती काढूनच देतात आणि घरातल्या निम्म्या लोकांना ती चालतही नाही. तेव्हा बिनकातडीचं गृहीत धरते.

धुणं हा आमच्याकडे वादाचा विषय आहे. नळाखाली धार सोडून धुतलं की शिंतोडे ओटाभर उडतात आणि कच्च्या चिकनमधले जंतू त्यांच्याबरोबर कोशिंबिरीपर्यंत पोचतात, हे लेकीचं म्हणणं बरोबर आहे. न धुतलेलं चिकन सासूबाई घरात शिजू देणार नाहीत, हेही तितकंच खरं. आम्ही मधला मार्ग काढला. पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने धुवायचं, पाणी सावकाश ओतायचं आणि सिंक साबणाने घासायचं. त्यानंतर अर्धा तास चाळणीत निथळत ठेवून, स्वच्छ फडक्याने एकेक तुकडा टिपायचा. पाणी राहिलं तर दही पातळ होतं, पीठ घसरतं आणि तेल उडतं. माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे.

आता मीठ. रोज्याच्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या बाईची खरी अडचण ही असते की चव घेता येत नाही. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायची मुभा आहे असं काहीजण सांगतात, पण मला ती धाकधूक नको. आमच्या अम्मी नुसत्या वासावरून मीठ ओळखायच्या असं सगळे म्हणतात. माझी तेवढी ऐपत नाही. मी एक लहान वजनकाटा घेतला, आणि खरं सांगते, या घरात आलेल्या सगळ्या उपकरणांत तोच सर्वांत कामाचा. एक किलो चिकनला बारा ते तेरा ग्रॅम मीठ. काटा नसेल तर बारीक मिठाचे दोन सपाट छोटे चमचे. पण मुद्दा केवळ चवीचा नाही. मीठ रात्रभर मांसात आत शिरतं, तिथल्या प्रथिनांची घट्ट वीण सैल करतं आणि मग तळताना मांस आपलं पाणी सहज सोडत नाही. ज्याला आपण रसाळ म्हणतो ते हेच. तळायच्या अर्धा तास आधी लावलेलं मीठ वरच्यावरच राहतं.

मिठाबरोबर दही. किलोला एक वाटी, घट्ट, फार आंबट नको. त्यात आलं-लसणाची गोळी, ब्याडगी मिरचीचं तिखट, मिरपूड, चिमूटभर गरम मसाला. मसाला दह्यात घालायचा, पिठात नाही, कारण पिठातलं तिखट तेलात जळतं आणि कडवट लागतं. दही सौम्य आंबट असतं, म्हणून रात्रभर ठेवलं तरी चालतं. लिंबू किंवा व्हिनेगर तेवढा वेळ ठेवलं तर मांसाचा वरचा थर भुसभुशीत होतो. कच्च्या पपईचं तर नावच नको. मटणाच्या कबाबाला ती ठीक, कोंबडीचा मात्र लगदा करते. लाल रंगही नको. कर्नाटक सरकारने 2024 मध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा आमच्या सोलापुरातही त्याची चर्चा झाली. रंगासाठी ब्याडगी पुरेशी आहे, फक्त ती हॉटेलसारखी लालभडक दिसत नाही एवढंच.

पिठाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मी बरीच वर्षं चुकत होते. नुसता मैदा वापरला तर आवरण गरम असताना कडक आणि पाच मिनिटांनी चामड्यासारखं होतं. मैद्यातला चिकटपणा त्याला कारण. त्यात कॉर्नफ्लॉवर मिसळलं की तो कमी होतो. दोन किलो चिकनला माझं माप तीन वाट्या मैदा, एक वाटी कॉर्नफ्लॉवर, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि थोडंसं मीठ. तांदळाचं पीठ सासूबाईंची सूचना, त्या भज्यांत घालतात. बेकिंग पावडरने आवरणात बारीक बुडबुडे येतात आणि ते हलकं होतं. मग या कोरड्या पिठात मुरलेल्या दह्याचे चार-पाच चमचे शिंपडून बोटांनी चोळायचं, म्हणजे रव्यासारख्या बारीक गोळ्या तयार होतात. बाहेरच्या चिकनवर ते जे खडबडीत पापुद्रे दिसतात ना, ते या गोळ्यांमुळे. अंडं नाही, ब्रेडचा चुरा नाही. तुकडा पिठात दाबून घोळवायचा, झटकायचा आणि जाळीवर ठेवायचा. आणि मग काहीही न करता वीस मिनिटं थांबायचं. पीठ ओल शोषून घेतं आणि तुकड्याला धरून बसतं. ही वीस मिनिटं वाचवली की आवरण कढईतच सुटतं आणि तळाशी जाऊन जळतं.

तळणं. इथे आधी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी इफ्तारला यांच्या मित्राचं कुटुंब आलं होतं. उशीर झाला म्हणून मी गॅस मोठा केला. सहा मिनिटांत तुकडे असे सुरेख तपकिरी झाले की मीच खूश. बाहेर पाहुण्यांच्या मुलाने तंगडी मोडली तर हाडापाशी रक्त. नुसती गुलाबी छटा नव्हे. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही कधी कधी गुलाबी रंग दिसतो, त्याला घाबरायचं कारण नसतं. हे मात्र साफ कच्चं होतं. सगळ्यांचे तुकडे परत कढईत गेले. पाहुणे सभ्य, काही बोलले नाहीत. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मात्र ती गोष्ट पुढे तीन लग्नांत सांगितली.

तेव्हापासून मी दोनदा तळते. कोरियात तळलेल्या चिकनची हीच रीत आहे. पहिल्यांदा मध्यम तेलात, साधारण 155 ते 160 अंश सेल्सियसवर, दहा ते बारा मिनिटं. थर्मामीटर असेल तर हाडाजवळ टोचून पाहायचं, 74 अंशांच्या वर गेलं की शिजलं. मांडी-तंगडी 80च्या पुढे गेली तर उलट जास्त मऊ होते, छातीचा तुकडा मात्र तिथे कोरडा पडायला लागतो, म्हणून तो आधी काढायचा. थर्मामीटर नसेल तर पिठाची एक गोळी तेलात टाका. ती तळाला जाऊन सावकाश वर आली आणि भोवती निवांत बुडबुडे आले की पहिल्या तळणीचं तेल तयार. या पायरीला तुकडे फिकट दिसतात, बिस्किटाच्या रंगाचे. दिसू देत. जाळीवर काढायचे, जाळीखाली ताट. वर्तमानपत्रावर कधीच नाही. शाईचं कारण अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतंच, शिवाय कागदावर खालची बाजू वाफेने भिजते.

मग पंधरा-वीस मिनिटं, हवं तर पाऊण तासही, ते जाळीवर उघडे राहतात. या वेळात आतली ओल हळूहळू आवरणात येते, आणि मघाशी जी वाफ आपलं नुकसान करत होती तीच आता उपयोगी पडते. कारण दुसऱ्यांदा तुकडे कडक तेलात, 185 ते 190 अंशांवर, फक्त दीड-दोन मिनिटं जातात तेव्हा ती वर आलेली ओल झटक्यात उडून जाते. आवरण पहिल्यापेक्षा कोरडं होतं आणि जास्त वेळ टिकतं. एकदा तळलेलं दहा मिनिटं टिकत असेल तर हे आमच्याकडे अर्धा तास तरी कुरकुरीत राहतं. तेल मी रिफाइंड वापरते. घाण्याचं शेंगदाणा तेल मला प्रिय आहे, पण एवढ्या तापमानाला त्याचा धूर होतो.

आता या सगळ्याचं वेळापत्रक करून बघा. मार्चमध्ये आमच्याकडे साडेसहाच्या सुमारास मगरिबची अजान होते. साडेचारला पीठ लावायचं. पाच ते पावणेसहा पहिली तळणी, चारही घाणे. मग गॅस बंद. मी वजू करून, ओढणी बदलून दस्तरखानावर बसते, सगळ्यांच्या आधी. खजूर, पाणी, फळं, नमाज. नमाजनंतर तेल पुन्हा तापवून दुसरी तळणी. हिला सगळे मिळून दहा मिनिटं लागतात, आणि शिजलंय की नाही ही जोखीम उरलेली नसल्यामुळे हे काम कुणालाही जमतं. कुणालाही, म्हणजे यांनाही. पहिल्या दिवशी ते कढईपासून हातभर लांब उभे राहून झारा असा धरत होते की जणू साप पकडायचाय. आता छान जमतं. नियम एकच. सगळे तुकडे झाल्याशिवाय कुणी सुरुवात करायची नाही, आणि जो दुसरी तळणी करेल त्याने पहिला तुकडा उचलायचा.

सासूबाईंचा आधी विरोध होता. "तळून ठेवलेलं परत तळायचं? ते शिळं," त्या म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर चुलीपाशी आणि मग गॅसपाशी उभं राहून घरादाराला गरम खाऊ घातलं, आणि मी जणू त्याला नावं ठेवत होते. माझं बोलणं त्यांना लागलं असणार. मी वाद घातला नाही. त्या शुक्रवारी लेक म्हणाली, "दादी, तुम बैठो ना, मैं लाती," आणि तिने कढईतून काढलेली तंगडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी खाल्ली. काही म्हणाल्या नाहीत. दुसरी मागितली. पुढच्या आठवड्यात नणंदेला फोनवर दोनदा तळायची रीत त्या स्वतः समजावून सांगत होत्या, तांदळाच्या पिठासकट.

यांचा उपाय वेगळा होता. "एवढा त्रास कशाला, बादली मागवू." मागवतो कधी कधी, त्यात पाप नाही. पण बादलीही झाकलेली येते आणि वीस-पंचवीस मिनिटं गाडीवर प्रवास करते. म्हणजे तेच डब्यातलं चिकन, फक्त विकतचं, आणि या वेळी ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. समान वाटणी झाली, हे खरं! एअर फ्रायरचंही लोक विचारतात. तो म्हणजे पंख्याची लहान भट्टी. मसाला लावलेलं चिकन त्यात चांगलं भाजतं, पण कोरडं पीठ लावलेला तुकडा पांढराच राहतो. तेलाचं काम वारा करत नाही. उरलेलं चिकन गरम करायला मात्र तो उत्तम. आणि एक ताकीद. कर्नल सँडर्स यांनी केंटकीतल्या कॉर्बिन गावी 1939च्या सुमारास प्रेशर कुकरमध्ये चिकन तळायला घेतलं, तव्यावर अर्धा तास लागायचा तो वेळ वाचवायला. हे वाचून कुणी घरच्या कुकरमध्ये तेल घालू नका. आपला कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनवलेला असतो. त्याचं रबर आणि व्हॉल्व्ह उकळत्या तेलासाठी नसतात.

सँडर्स यांचं नाव आलंच आहे तर थोडं विषयांतर. ते फौजेतले कर्नल नव्हते, केंटकी राज्याने दिलेली ती मानाची पदवी. बादलीवर त्यांचा चेहरा जगभर गेला. पण अमेरिकेच्या दक्षिणेत चिकन पिढ्यान्‌पिढ्या तळलं ते प्रामुख्याने काळ्या स्त्रियांनी, आधी गुलाम म्हणून मालकांच्या स्वयंपाकघरात. सायकी विल्यम्स-फोर्सन या अभ्यासक बाईंचं 2006 सालचं एक पुस्तक या स्त्रियांवर आहे. त्यात व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल या रेल्वे जंक्शनची हकिगत येते. यादवी युद्धानंतर तिथल्या काळ्या बायका तळलेलं चिकन आणि पाव तबकात रचून, तबक डोक्यावर घेऊन फलाटावर उभ्या राहायच्या आणि गाडीच्या खिडक्यांतून प्रवाशांना विकायच्या. त्या कमाईतून काहींनी स्वतःची घरं उभी केली. पुस्तकाच्या नावातही कोंबडीच्या तंगड्यांतून घर बांधण्याचाच उल्लेख आहे. पुढे वर्णभेदाच्या काळात काळ्या प्रवाशांना वाटेतल्या हॉटेलांत वाढत नसत, तेव्हा घरून हेच चिकन बुटांच्या खोक्यात भरून नेलं जायचं. थंड, मऊ पडलेलं, तरीही चांगलं. मीठ आत मुरलेलं असलं की तळलेलं चिकन थंडही छान लागतं, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

ते वाचून मला आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी आठवल्या. रमजानमध्ये त्या घरून समोसे आणि तळलेल्या तंगड्यांच्या ऑर्डरी घेतात. त्याही उभ्याच असतात, माझ्यापेक्षा जास्त वेळ. पण महिनाअखेर हातात पैसे असतात आणि ते त्या मुलींच्या फीला लावतात. उभं राहण्याचा मोबदला मिळणं आणि उभं राहणं हीच माया समजली जाणं, यांत फरक आहे. त्यांतल्या एकीला मी दोनदा तळायची युक्ती सांगितली. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे की. गिऱ्हाइकाला मी तसंच देते. घरी कोण एवढं करतं?"

यंदाच्या रमजानमध्ये आमच्याकडे चार वेळा चिकन झालं. दोनदा दुसरी तळणी यांनी केली, एकदा लेकीने, एकदा मी. लेकीचा घाणा जरा जास्त झाला, कडा काळपटल्या, पण खाल्ला. उरलेलं तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळून मी बरणीत भरते आणि आणखी दोनदा वापरते. काळं पडलं, फेस धरायला लागलं किंवा वास आला की टाकते. हॉटेलांना खराब तेलासाठी 2018 पासून नियम आहे, तेलातल्या बिघडलेल्या घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते वापरायचं नाही. घरात नाक हाच मापदंड. ती गाळणी, ती तेलकट कढई आणि ओट्यावरचं पीठ हे सगळं अजून माझ्याकडेच आहे. त्याबद्दल मी शाबानमध्येच विषय काढला होता. यांनी "बघू" म्हटलंय.